पिल्लाचे दात आणि घरची माणसं

ड्यूटीचा बूट हातात घेतला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टाचेचा पार चोथा झाला होता. सोफ्याखालून कुत्र्याचं पिल्लू बघत होतं आणि तोंडात बुटाची नाडी धरून शेपूट हलवत होतं.

"बूट कपाटातून बाहेर कोणी काढले?"

"मी. माझे शोधत होतो," नवरा चहाच्या कपामागून म्हणाला. "अगं, लहान आहे ते. दात येताहेत त्याला."

"त्याला येताहेत. तुला अक्कलदाढ कधी येणार?"

पिल्लू आणलं होतं त्यानेच, जाकिटात लपवून, कुणाला न विचारता. तेव्हाच तिने बजावलं होतं, चपला-बूट कपाटात ठेवायचे, वायरी उचलायच्या. पिल्लाने काही पळवलं तर हिसकायचं नाही, दोरीची गाठ पुढे करायची आणि ती धरली की शाबासकी द्यायची. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. मग नवरा संध्याकाळी घरी येऊन कुरतडलेल्या उशीवर पिल्लाचं नाक घासायचा आणि घर डोक्यावर घ्यायचा. त्यातून पिल्लू एवढंच शिकलं, की हा माणूस आला की पलंगाखाली पळायचं आणि चावायचं ते तिथे बसून चावायचं.

त्या दिवशी ती जुन्या सँडलवर दवाखान्यात गेली. वॉर्डात या खाटेवरून त्या खाटेकडे धावताना पट्टा घोट्याला घासत होता, आणि प्रत्येक पावलाला ती नवऱ्याचा मनातल्या मनात उद्धार करत होती.

संध्याकाळी लंगडत घरात शिरली, तर सासरे गॅलरीत खुर्चीवर बसलेले. पायाशी पिल्लू, आणि त्याच्या तोंडात चामड्याची चप्पल.

"बाबा! हे काय?"

"माझीच आहे गं, जुनी. टाकूनच देणार होतो." सासरे हसले. "दुपारी फार कुंई कुंई करतं बिचारं. ही दिली की गप्प बसतं."

"रोज देता?"

"रोजच."

म्हणजे ती महिनाभर घसा फोडून 'चपलेला तोंड नाही लावायचं' म्हणत होती, आणि घरातच त्याला चपलेची चटक लावणं चालू होतं. सकाळी तिने या मुक्या जिवावर पेपरची गुंडाळी उगारली होती. ते आठवलं आणि तिच्या संयमाचा बांध फुटला.

"जुनी कुठली, नवी कुठली, हे त्याला कसं कळणार, बाबा? तुम्ही चप्पल खायला देणार, आणि मार कुणी खायचा? त्याने?"

या घरात सासऱ्यांवर तिचा आवाज कधी चढला नव्हता. सासऱ्यांनी मान खाली घातली.

"बाबांवर ओरडलीस?" दारात नवरा उभा होता.

"हो. आता तुझी पाळी. आजपासून मी तुझी एक वस्तू उचलणार नाही. जमिनीवर दिसेल ते त्याचं."

तो हसला. रविवारी त्याच्या हेडफोनचे तुकडे गादीखाली सापडले. त्याने पिल्लाला मानगुटीला धरून उचललं, तशी तिने त्याचं मनगट पकडलं.

"खाली ठेव. हेडफोन जमिनीवर कुणी टाकले?"

त्याने पिल्लू खाली ठेवलं आणि स्वतःशीच पुटपुटत तुकडे गोळा केले.

सासऱ्यांनी आपल्या हाताने ती चप्पल कचऱ्यात टाकली. दुपारी ते ओल्या फडक्याची गाठ फ्रीजरमधून काढून पिल्लापुढे धरू लागले. हिरड्यांना गार लागलं की पिल्लू तासभर तीच चघळत बसायचं. खुर्चीच्या पायाचं साल मात्र त्याने काढलंच, आणि एक टॉवेलही गेला. पण हळूहळू 'सोड' म्हटलं की ते तोंडातली वस्तू सोडायला लागलं.

"सूनबाई, सोडलं बघ!" सासरे आतून ओरडून सांगायचे, आणि तिला "शाब्बास, बाबा" म्हणावं लागायचं.

एका संध्याकाळी नवऱ्याने हळूच विचारलं, "आता तरी गेला ना राग?"

"नाही," ती म्हणाली. "पिल्लू महिन्यात शिकलं. तुझे मोजे अजून सोफ्याखालीच आहेत."