तळहातावरची बडीशेप

काहीच नाही

दादासाहेबांच्या डाव्या तळहातावर काहीच नव्हतं, तरी उजवा अंगठा त्यावर फिरत होता. सकाळची वेळ. कुरुळीतल्या त्यांच्या घरासमोरून कंपन्यांच्या बसगाड्या एकामागून एक चालल्या होत्या आणि ओट्यावर बसलेला हा माणूस हवा मळत होता. अंगठा फिरला, बोटांनी तळहातावर टाळी दिली, मग तोंडानं हलकीशी फुंकर मारली. उडायला काहीच नव्हतं.

"आबा, हात आखडलाय का?" बसची वाट बघत उभ्या असलेल्या सुनेनं, करिष्मानं, विचारलं.

"आँ? न्हाई. सवय हाय."

सवय तंबाखूची. मिसरूड फुटल्यापासूनची. भोसरीच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून गाल आतून पाहिला, पांढरा चट्टा दाखवला आणि शांतपणे म्हणाले, "आज सोडलीत तर हा बरा होण्यासारखा आहे. पुढचं तुम्ही ठरवा." दादासाहेबांनी चंची तिथंच कचऱ्याच्या डब्यात टाकली. डॉक्टरांना वाटलं, सुटली.

तोंड समजूतदार होतं. चार दिवस कुरकुरलं आणि गप्प बसलं. हात मात्र ऐकेना. हाताला डॉक्टरांचं बोलणं ऐकूच गेलं नव्हतं.

दुसऱ्याची चिमूट

भैरू हा त्यांचा शाळेपासूनचा सोबती. दोघांनी एका शाळेत मार खाल्ला, दोघांच्या जमिनी एकाच वेळी कंपन्यांत गेल्या, आणि दोघांनीही उरलेल्या तुकड्यावर कामगारांसाठी खोल्या बांधल्या. हमरस्त्यालगत ट्रक तोलायचा एक जुना वजनकाटा होता. तो कधीच बंद पडला, पण त्याच्या भिंतीलगतचा सिमेंटचा बाक राहिला. रोज संध्याकाळी दोघे तिथं. समोरून कंटेनर जात राहायचे. बोलणं फार नसायचं. एकानं मळायची, दुसऱ्यानं न बघता हात पुढं करायचा. तोच रामराम, तीच विचारपूस. हात पुढं आला नाही की समजायचं, घरी काहीतरी बिनसलंय.

याआधी दादासाहेबांनी तंबाखू दोनदा सोडली होती. दोन्ही वेळा घरात जाहीर केलं, दोन्ही वेळा संध्याकाळी बाकावर गेले, आणि दोन्ही वेळा हात आपल्या मनानं पुढं झाला. घरात हसू झालं. बायको, सोजराबाई, म्हणाल्या, "आता पुढच्या टायमाला सोडताना सांगू नका. धरताना सांगा."

म्हणून या वेळी त्यांनी बायकोला काही सांगितलं नाही. चट्ट्याचंही नाही. बाकावर जाणंच बंद केलं.

पण संध्याकाळ झाली की पाय वळवळायचे. भैरू एकटा बसला असेल. मळत असेल, आणि शेजारी हात पुढं येत नसेल. त्याला वाटत असेल, दाद्याच्या घरी काय झालंय? दादासाहेबांना एवढंच हवं होतं: भैरूशेजारी पुन्हा बसायचं, आणि त्याची चिमूट घ्यायची नाही.

एक काडी

वाण्याकडची बडीशेप खाऊन झाली. उचलली, तोंडात टाकली, संपलं. हात बेकारच.

मग एकदा मसाल्यासाठी आणलेल्या कच्च्या बडीशेपेच्या पुडीत एक काडी निघाली. सुकलेली, टोकाला चार दाणे तसेच चिकटलेले. दादासाहेबांनी ती सहज डाव्या तळहातावर घेतली. अंगठा फिरला. दाणे सुटले, काडीचा चुरा झाला. टाळी. फुंकर. चुरा उडाला, दाणे राहिले.

हात एकदम गप्प झाला, लेकरू खांद्यावर झोपावं तसा.

पण काडीसकट बडीशेप कुठला वाणी विकतो?

बी

घरामागे, खोल्यांच्या भिंतीपर्यंत, परसाची एक चिंचोळी पट्टी उरली होती. तिथं सोजराबाईंचं राज्य. मेथी, कोथिंबीर, शेपू. दसरा झाल्यावर एका दुपारी, सोजराबाई बचत गटाच्या बैठकीला गेलेल्या पाहून, दादासाहेबांनी शेपूच्या वाफ्याला लागून भिंतीकडेला बोटानं एक रेघ ओढली. त्यात पुडीतली न भाजलेली बडीशेप सोडली, वरून माती सारली, तांब्यानं पाणी दिलं. जमीन गेल्यापासून पहिल्यांदाच स्वतःसाठी काही पेरलं, आणि तेही चोरासारखं.

रोप वर आलं. हिरव्या केसांसारखी पानं. शेजारी शेपूचीही तशीच. दोन बहिणी एकाच कापडाची झबली घालून उभ्या राहाव्यात तशा.

यात पुढं काय होणार हे त्यांना कळायला हवं होतं. नाही कळलं.

घास

"आई, आज शेपू गोड कसा काय?" करिष्मानं विचारलं.

"कवळा हाय म्हनून. भिताडाकडंचा निम्मा काढला. लई माजला व्हता." सोजराबाईंनी नाक ओढलं. सर्दीनं त्या दोन दिवस हैराण होत्या, कशाचाच वास कळत नव्हता. "त्या पलीकडच्या खोलीतल्या लातूरवालीलाबी दिली वाटीभर भाजी."

दादासाहेबांचा घास तोंडात थांबला. भाकरी, मुगाची डाळ, लसूण, आणि या सगळ्यातून हळूच डोकं वर काढणारी बडीशेप. पोटात त्यांचा सगळा बेत चालला होता.

"का वो? खारट झालीय?"

"न्हाई. ब्येस झालीय," दादासाहेब म्हणाले. आणि अन्न टाकायचं नाही म्हणून सगळी खाल्ली.

चिमूट

हात न धुताच, धोतराला पुसत, ते उठले आणि तडक वजनकाट्यावर गेले. आता कशाला आवरायचं, असं काहीसं मनात होतं.

भैरू बाकावर होता. दादासाहेब बसले. भैरूनं मान वळवली नाही.

"आलास व्हय? मला वाटलं गेलास का काय वर. म्हनलं, मयतीला तरी बोलीवतील."

"तुला न बोलीवता जाईन व्हय मी?"

"तुझा काय भरवसा."

भैरू मळू लागला. तो आवाज. टाळी. फुंकर. दादासाहेबांचा हात पुढं गेला, आणि भैरूनं न बघता त्यावर चिमूट ठेवली. सगळं पूर्वीसारखं.

चिमूट नाकाजवळ आली. पण तंबाखूच्या आधी दुसराच वास आला. न धुतलेल्या बोटांना लागलेली भाजी. गोडसर, हिरवी. त्यांना भिंतीकडेची ती केसाळ रोपं दिसली, आणि त्यांच्या मागं डॉक्टरांची बॅटरी.

"भैऱ्या," ते म्हणाले, "ही तुझी तू घे."

भैरूनं आता मान वळवली. दादासाहेबांच्या तळहाताकडं पाहिलं, तोंडाकडं पाहिलं. चिमूट परत घेतली.

"माझ्या हातची गोड लागंना व्हय तुला?"

दादासाहेबांनी तळहात झाडला. ते उठले. मागून भैरू ओरडला, "म्हंजे आता बसायचंबी न्हाई?"

खुंट

सकाळी. परसात. दोघंच.

"उकिडवं बसून काय बघताय वो मगापासनं?"

"काय न्हाई."

"काय न्हाई बघायला येवढा येळ लागतो?"

"सोजरे, ह्यो शेपू नव्हता."

"मग?"

"बडीशेप व्हती. म्या लावली व्हती."

"तुमी? कशापायी?"

"तंबाखू सोडलीय. डॉक्टरनं गालात चट्टा दावला. हसायचं तर हास."

"कवा दावला चट्टा?"

"दसऱ्याच्या आधी."

"आन् मला आज सांगताय."

"तूच म्हनलीस, सोडताना सांगू नका."

"म्या म्हनलं! जलमभर येक ऐकलं न्हाई माझं, आन् ह्ये ऐकलं!"

"रडू नको."

"सर्दी हाय मला. सरका तिकडं. बघू द्या. हे बघा, म्या उपटली न्हाई. बाजाराची भाजी उपटायची असती, घरची खुडायची. खुंट हायेत समदे. हितनं कोंब निघालाय, दिसला? आन् हितनं. चष्मा लावा की."

"दिसला."

"आता हिला हात लावंल त्याचा हात मोडीन. माझा असला तरीबी."

राख, मग पिवळी धूळ

त्या दिवसापासून भिंतीकडेच्या ओळीची मालकी सोजराबाईंकडं गेली आणि दादासाहेब तिथले गडी झाले, पाणी पायथ्याशी घाला म्हटलं की पायथ्याशी घालणारे, पानांवर माव्याची कीड पडल्यावर चाळलेली राख मुठीनं भुरभुरणारे, वाऱ्यानं रोपं कलायला लागली तेव्हा करिष्मानं कंपनीतून आणलेल्या पॅकिंगच्या पट्ट्यांनी ती काठ्यांना बांधणारे. आणि खुडल्यामुळं एका शेंड्याचे दोन झालेली ती रोपं कमरेच्या वर गेली, एका दांड्यातून काड्या फुटल्या, प्रत्येक काडीच्या टोकाला आणखी बारीक काड्या, छत्रीत छत्री, त्यावर पिवळी फुलं, त्यांवर कुठून कुठून आलेल्या मधमाश्या, आणि सकाळी तिथनं नुसतं निघून गेलं तरी दादासाहेबांच्या तळहातावर पिवळी धूळ लागायची, जी ते पुसत नसत.

बाकावर ते अजून गेले नव्हते. भैरूचा तो शेवटचा प्रश्न मात्र रोज सोबत असायचा.

गुच्छ

होळी झाली. मधला गुच्छ आधी भरला. दाणे टपोरे, हिरवे, अंगावर रेघा उमटलेल्या.

दादासाहेबांनी विळा आणला. सोजराबाईंनी तो काढून घेतला.

"समदं येकदम कापताय व्हय? गहू हाय का त्यो? ज्यो भरला त्यो काढायचा. कडंचे अजून कवळे हायेत."

"मंग किती दिस चालायचं ह्ये?"

"तुमाला कुठं शिफ्टला जायाचंय?"

तेव्हा कात्रीनं एकेक गुच्छ. आज दोन, परवा चार. उन्हात वाळवले तर पिवळे पडतील म्हणून आतल्या खोलीत, जुन्या लुगड्याच्या झोळीत सावलीला ठेवले. घरभर वास. लातूरवाली दारातून डोकावून म्हणाली, "काकू, तुमच्यात पाहुणे जेवून गेल्यावानी वास यायलाय." तिलाही एक गुच्छ मिळाला. भाजी खाल्ली होती, तेव्हा तिचाही हक्क होता.

वाळलेल्या गुच्छांची सोजराबाईंनी एक कापडी पिशवी भरली. काड्यांसकट. त्यावर दोरी आवळली. घरात जुनी चुन्याची डबी होती, ती चिंचेनं घासून तिच्यात खडीसाखर भरली. दोन्ही गोष्टी नवऱ्याच्या हातात दिल्या.

"जा. त्यो बसला असंल."

"आन् हात पुढं गेला मंग?"

"जाऊ द्या की. रिकामा न्हाई जायाचा."

बडीशेप

वजनकाट्याच्या भिंतीवर ऊन उतरत आलं होतं. भैरू बाकाच्या एका टोकाला बसला होता. दुसरं टोक मोकळं होतं, आणि त्या टोकावर धूळ नव्हती. कोणीतरी ती झाडत असावं.

दादासाहेब बसले. दोघांनी समोरून जाणारा एक कंटेनर बघितला. मग दुसरा.

भैरूचा हात कोपरीच्या खिशाकडं निघाला होता. त्याआधी दादासाहेबांनी पिशवीची दोरी सोडली. एक सुकलेला गुच्छ डाव्या तळहातावर घेतला, उजवा अंगठा त्यावर टेकवला आणि फिरवला. करकर आवाज झाला. काड्या मोडल्या, दाणे सुटले. अंगठा फिरत राहिला, कितीतरी महिन्यांनी आपल्या कामावर हजर झाल्यासारखा. मग टाळी. मग फुंकर. भुसा उडून रस्त्याकडं गेला. मग डबीतला खडीसाखरेचा एक खडा.

भैरूचा हात खिशाजवळ थांबला होता. टाळी ऐकून तो तिथून निघाला, आणि भैरूनं न बघता, कंटेनरवरची नजर न काढता, दादासाहेबांपुढं पसरला.

दादासाहेबांनी त्यावर चिमूट ठेवली.

भैरूनं ती सवयीनं गालात धरली. थांबला. गाल हलला. कपाळावर आठी आली. मग दात हलले, एकदा, दोनदा, आणि तो सावकाश चावू लागला. आता तो दादासाहेबांना एक शिवी घालणार, एवढं नक्की होतं.

पण भैरू बराच वेळ चावत राहिला. गिळलं. पंच्याच्या टोकानं तोंड पुसलं.

"दाद्या," तो म्हणाला, "चुना कमी पडला."

"आरं, पयलीच मळन हाय," दादासाहेब म्हणाले. "उद्या बघ."

आणि त्यांनी पिशवीतून दुसरा गुच्छ काढून तळहातावर घेतला.