वशाटाचा टोप आणि अळंबीची मॅकरोनी

मी एक पितळी टोप. पातेलं म्हणू नका. पातेली दूध तापवतात आणि गॅसवर मिरवतात. मी वाशीच्या दोन खोल्यांच्या घरात उमेदीची वर्षं गॅलरीत काढली, रॉकेलच्या स्टोव्हशेजारी, कारण मी वशाटाचा, मासे-मटणाचा. बांगडा, सुरमई, कोलंबी माझ्यात शिजायची आणि माझं पाऊल स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत पडायचं नाही.

मालवणकडच्या एका तांबटाने मला ठोकून घडवलं आणि मी केशरबाईंच्या रुखवतात जाऊन बसलो. त्या वेळी त्या सोळा वर्षांच्या होत्या. चिंच आणि राख लावून त्या मला असं घासायच्या की मीच माझ्याकडे बघत राहावं. एकदा विहिरीवर त्यांच्या हातून सटकलो, तेव्हाचा पोचा अजून माझ्या कुशीत आहे. पुढे नवरा गेला, लेकाला तुर्भ्याच्या कारखान्यात नोकरी लागली आणि एकोणीसशे सत्त्याहत्तर साली त्या मला पोत्यात गुंडाळून वाशीला घेऊन आल्या.

तीन वर्षांनी त्यांच्या लेकाला, सुधीरला, जबर कावीळ झाली. केशरबाई देवीला बोलल्या, "पोर उठू दे, जन्मभर वशाट खाणार नाही, त्याच्या भांड्यालाही शिवणार नाही." पोर उठलं. नवस आईने फेडला आणि बांगडे लेकाने खाल्ले. त्या दिवसापासून त्यांनी मला हात लावला नाही. सून आली, वैजयंती, आणि मी तिच्या हाती गेलो.

शिवायचं नाही म्हणजे लक्ष घालायचं नाही असं थोडंच आहे? मी स्टोव्हवर चढलो की केशरबाई उंबऱ्याच्या आत पाट मांडून बसायच्या. रस्सा उकळला की नाक वर करून सांगायच्या, "मीठ कमी पडलंय." वैजयंती चाखून बघायची आणि मुकाट्याने चिमूटभर टाकायची. चार वर्षांत त्यांचं नाक एकदाही चुकलं नाही. मग त्या स्वतःच्या ताटापाशी जायच्या, वरणभात चिवडायच्या आणि अर्धा ठेवून उठायच्या. चौऱ्याऐंशी सालापर्यंत त्या इतक्या वाळल्या की हातातल्या सोन्याच्या बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या. वैजयंतीच्या जिवाला ते लागलं होतं, आणि माझ्याही.

त्या आषाढात बोनकोड्याची मासेवाली गोजरा मासळीच्या पाटीऐवजी सागाच्या पानात काहीतरी झाकून घेऊन आली.

"वयनी, आज बांगडं नाय. अलंबी हाय, सकालीच काढलेली."

वैजयंतीचा चेहरा खुलला. ऑफिसात एका मैत्रिणीच्या डब्यात तिने अळंबी घातलेली मलईदार मॅकरोनी चाखली होती आणि कृती पाकिटाच्या पाठीवर उतरवून आणली होती. मॅकरोनीचा पुडा महिनाभर डब्यात वाट बघत होता. सासूबाईंना काही चवीचं खाऊ घालायचं, एवढाच तिचा बेत.

"अळंबी वशाटात मोडते," केशरबाई उंबऱ्यावरून म्हणाल्या.

"मावशे, हिला ना रगत ना काटा. मातीतून उगवते ही," गोजरा म्हणाली.

"शिजताना वास मटणाचा येतो. आणि जे इतकं चवीला लागतं, ते शाकाहारी कसं असेल? गॅलरीतल्या टोपात कर."

झालं. मॅकरोनी आत गॅसवर उकडली, गाळली आणि उंबरा ओलांडून माझ्याकडे आली. बिचारीला परतीची वाट नव्हती. वैजयंतीने माझ्यात लोणी टाकलं, अळंबी परतली, मैदा भाजला, दूध ओतलं, दोन दिवसांची साय फेटून घातली, वर मिरी. आयुष्यभर हळद-तिखटात बुडालेल्या माझ्या पोटात पांढरंशुभ्र काहीतरी रटरटत होतं. मला तर लाजल्यासारखं झालं.

केशरबाईंचं नाक वर झालं, पण या वासाची त्यांना सवय नव्हती. त्यांनी पाट पुढे ओढला.

"काय काय घातलंस?"

"लोणी, मैदा, दूध, साय, मिरी."

"म्हणजे सगळं शाकाहारीच की."

"अळंबीसुद्धा, आई. वशाट तुम्ही ठरवलीत. देऊ का थोडी वाढून?"

त्यांनी अळंबीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "त्या टोपातली?" असं म्हणून त्या वरणभाताकडे वळल्या. सुधीरने मला बोटाने चाटून पुसून लख्ख केलं आणि त्याची आई अर्ध्या ताटावरून उठली. चूक कोणाची म्हणाल? नियम त्यांचा होता, पण आड मी आलो होतो. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी केशरबाई गॅलरीच्या दारात येऊन भिंतीला सांगितल्यासारखं बोलल्या, "या टोपाची कल्हई गेलीय."

गेली नव्हती. पण मी कशाला बोलू?

"आई, आता कल्हई कोण करतं?" सुधीर म्हणाला. "स्टीलचा आणू ना, टेन्शन नको."

"स्टीलला भट्टीतून काढतात का? पितळ अग्नीतून निघालं की मागचं काही त्याला चिकटत नाही. माझी सासू म्हणायची."

वैजयंतीने हसू दाबायला पदर तोंडाला लावला आणि मला पिशवीत भरलं.

नव्या वसाहतीत कल्हईवाला फिरकत नसे, म्हणून सुधीर मला बसने ठाण्याला घेऊन गेला. पिशवीच्या वासाने शेजारचे गृहस्थ उठून उभे राहिले. भट्टीत मी लाल झालो, नवसागराचा धूर निघाला, कथलाचा हात फिरला आणि माझं पोट चांदीसारखं चमकलं.

घरी आल्यावर केशरबाईंनी दोन्ही हात पुढे केले. मला मांडीवर घेऊन सगळीकडून फिरवलं आणि अंगठा बरोबर त्या पोच्यावर ठेवला. चार वर्षांनी. पितळाला रडता येत नाही, म्हणून माझी अब्रू राहिली.

पण गोजराचा पत्ता नव्हता. आठ दिवस गेले, श्रावण लागला. दरवर्षी श्रावणात मला माळ्यावर पालथा टाकायचे. या वेळी केशरबाई रोज जिन्यात डोकावून म्हणायच्या, "पाऊस बघत होते." श्रावणाच्या तिसऱ्या दिवशी गोजरा आली.

"मावशे, ओंजलभर गावली. शेवटचीच हाय."

त्या सकाळी मी उंबरा ओलांडून आत गेलो आणि गॅसवर चढलो. पातेली बघतच राहिली.

केशरबाईंनी पहिला घास तोंडात घातला, डोळे मिटले आणि बराच वेळ चावत राहिल्या.

"आई, मीठ?" वैजयंतीने भीत भीत विचारलं.

"बरोबर आहे." डोळे पुसत त्या पुढे म्हणाल्या, "या पोकळ शेवया कशाला घालतेस? अळंबी चिकटून बसते त्यात." मग त्या पोकळ शेवयांसकट दोनदा मागून घेतलं आणि ताट स्वच्छ केलं.

याला आता पाच वर्षं झाली. मी आत फळीवर असतो. गॅलरीत ॲल्युमिनियमचा एक नवा टोप आलाय, उद्धट आहे. सुरमईची आठवण येते, खोटं कशाला बोलू? पण आषाढ सरत आला की केशरबाई मला काढून मांडीवर घेतात आणि चिंच लावून घासतात. यंदा हात कापत होते, म्हणून वैजयंतीने दुसरा काठ धरला.

तुमच्या घरात कोणी स्वतःच्याच नियमामुळे उंबऱ्याआड पाट मांडून बसलं असेल, तर त्यांच्याशी वाद घालू नका. टोप कल्हईला पाठवा.