बंद नोंदींची जुनी किल्ली

मी एक किल्ली बोलते आहे. मला दात नाहीत की वजन नाही. संगणकाने अर्थ न पाहता निवडलेली चौसष्ट अक्षरे, एवढाच माझा देह.

माझा जन्म एका भाचीच्या हातून झाला. तिची मावशी समुपदेशक. लोक मावशींपुढे मन मोकळे करीत आणि त्या ते भाचीने बनवलेल्या ॲपमध्ये टिपून ठेवीत. सारे उघडेच पडलेले होते. पासवर्डाला एका दिशेचे कुलूप पुरते, कारण तो परत कुणी वाचायचा नसतो. नोंदी मात्र वाचायच्या असतात; म्हणून मजकुराचा गोंधळ करणारी मीच आणि त्यातून तो पुन्हा सोडवणारीही मीच.

मावशींनी मला कागदावर छापून मागितले. "हातात धरता येत नाही ते हरवलं, तर शोधायचं कुठे?"

दोन वर्षांनी भाचीने नवी किल्ली आणली, नोंदी तिच्या हवाली केल्या आणि मला संगणकातून पुसले. "तो कागदही फाडून टाक, मावशी."

घर बदलताना माणसे माळा विसरतात. येणे थांबवलेल्यांच्या नोंदी वेगळ्या कप्प्यात होत्या. त्या माझ्याच कुलपात राहिल्या.

परवा सकाळी मावशींचा फोन आला. "तो बसचालक आज अकराला परत येतोय. त्याला काय विचारायचं नाही, ते मी लिहून ठेवलंय. आणि इथे नुसता कचरा दिसतोय."

भाचीने तो कप्पा तपासला. मग म्हणाली, "चूक माझी आहे. ती किल्ली आता माझ्याकडे नाही."

"माझ्याकडे आहे."

"फाडायला सांगितलं होतं ना?"

"तुझं कधी ऐकलंय मी?"

मावशींनी मला चार-चार अक्षरांनी वाचून दाखवले. अकराला दहा मिनिटे असताना नोंद उघडली: 'मुलीचा विषय आपण काढू नये. तो काढेपर्यंत थांबावे.'

मावशी थांबल्या. तासाच्या शेवटी तो विषय त्यानेच काढला.

आता तो कप्पाही नव्या किल्लीकडे गेला आहे. भाचीने एकेक नोंद उघडून पाहिली, मगच 'आता तरी कागद फाड' म्हणून फोन केला. कागद मावशींच्या हातात आहे आणि त्या रेंगाळत आहेत. मावशी, उपकार म्हणून मला ठेवू नका. त्या नोंदींची एखादी जुनी प्रत कुठे उरली असेल, तर मी ज्याच्या हाती पडेन, त्याचीही होईन; किल्लीला माणूस ओळखता येत नाही. फाडा. बारीक फाडा.