मिठाच्या पाण्यातली पेशी

कॉलेजच्या जीवशास्त्राच्या लॅबमध्ये मदतनीस म्हणून सत्तावीस वर्षं मी मिठाचं पाणी जिभेवर पारखून बनवलं. तराजू कपाटात पडून असतो. गावी, मुर्ध्याला, आमचं मिठागर होतं. पाणी किती खारं झालं हे बाबा बोट बुडवून, चाखून सांगायचे, तेच माझ्यात उतरलं. त्याची मला घमेंड होती, खोटं कशाला बोलू?

त्या पाण्याचं काम एकच. रिओ नावाच्या शोभेच्या झाडाच्या पानाची जांभळी साल काचपट्टीवर ठेवायची आणि तिच्यावर ते सोडायचं. सूक्ष्मदर्शकातून बघितलं की प्रत्येक पेशीला बाहेरून एक भक्कम भिंत दिसते. आतला जांभळा ऐवज पाणी निघून गेल्यामुळे आकसत जातो, भिंत मात्र जागची हलत नाही. वेळेत साधं पाणी दिलं तर आतलं फुगून परत भिंतीला टेकतं. उशीर झाला तर नाही टेकत. भिंत तेव्हाही उभीच असते, म्हणून वरवर बघणाऱ्याला काही कळत नाही.

तीन वर्षांपूर्वी तापात माझी चव गेली. मी कुणाला बोललो नाही. मिठागरवाल्याच्या पोराला मीठ कळत नाही, हे कुठल्या तोंडाने सांगणार? लॅबमध्ये मुठीच्या अंदाजाने भागवलं. घरात आम्ही दोघंच. माझी बायको रुक्मिणी ताट वाढून विचारायची, "मीठ बराबर हाय ना?" मी म्हणायचो, "बराबर हाय." आधी ती कधी विचारत नसे. वय झालं की बायका विचारत असतील, असं मी धरून चाललो.

परवाच्या प्रॅक्टिकलला एकाही मुलीच्या काचपट्टीवरची पेशी परत फुगली नाही. शिकवणाऱ्या निशिगंधा मॅडमनी तराजू काढला आणि स्वतः मीठ तोलून नवं पाणी केलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझा चेहरा बघून असेल, दुपारी त्यांनी माझ्या डब्यातली दुधीची भाजी मागून घेतली. पहिला घास कसाबसा गिळला आणि विचारलं, काका, तुम्ही रोज असंच खाता? भाजीत निव्वळ मीठ होतं.

संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. रुक्मिणीने आमटीत मीठ घातलं, झाकण ठेवलं. थोड्या वेळाने झाकण काढून आत बघत राहिली आणि पुन्हा घातलं. तिसऱ्यांदा तिचा हात बरणीत गेला, तेव्हा मी तो धरला.

दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, विसरण्याचा आजार आहे, दोन-तीन वर्षं तरी झाली असतील. लवकर आणलं असतं तर थोडं सावरता आलं असतं. पण बाहेरून ती होती तशीच होती. कुंकू जागच्या जागी, निऱ्या नीट, शेजारणीशी हिंदीतून भांडण चालू. जेवण खारट लागतंय हे तिला कळत होतं, म्हणून तर ती मला विचारत होती. मी बराबर म्हणालो की तिने स्वतःच्याच जिभेला वेड्यात काढलं.

त्या रात्री ताट वाढून तिने विचारलं, तेव्हा मला राहवलं नाही.

"मना कळत न्हाय गो. तीन वर्सं झाली, चवच न्हाय."

तिने हातातली पळी खाली ठेवली. रागावली असती तर बरं झालं असतं.

"मंग इतके दिस मी कोनाला इचारत होते?"

मी ताटावर बसून रडलो. तिने पदराने माझं तोंड पुसलं आणि उद्यापासून दोघं मिळून मीठ घालू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने डबा भरून माझ्या हातात दिला आणि विचारलं, "मीठ बराबर हाय ना?"