ब्रदर बॅझिलचा पाव

मिसिसिपीच्या काठावर अख्खी वस्ती लोटली होती. न्यू ऑर्लिन्स शहर पूर अडवणाऱ्या बांधाच्या पलीकडं. ही माणसं अलीकडं, नदीच्या अंगाला, खांबांवर उभ्या केलेल्या खोपट्यांत राहणारी. पाण्यावर एक पाव चालला होता. पावात मेणबत्ती, मेणबत्तीला ज्योत. बायका छातीवर क्रूसाची खूण करत होत्या.

"पाव बोलतो, लेकरांनो," वस्तीवस्तीनं फिरणारा बुवा, ब्रदर बॅझिल, सांगत होता. "ज्यानं माणसाला बुडवलं त्याच्या दारी जाऊन थांबतो. तुम्ही फक्त बघायचं. आणि ब्रदरच्या जेवणाचं तेवढं ध्यानात ठेवायचं."

पाव ओदालीच्या पायरीवरून सोडला होता. बुडालेला आल्सीद तिचा नवरा. होडी रिकामी सापडली, तो सापडला नाही. तेव्हापासून तिला रडू आलं नव्हतं. कॉफी कडू लागत नव्हती, थंडी बोचत नव्हती. हात धुणं धूत, पाय चालत. ती दूर कुठं बसून त्यांच्याकडं बघत असल्यासारखी.

पाव वळला, हळूच माघारी आला आणि म्हाताऱ्या ओझेमच्या पायरीला टेकला.

गर्दी आधी कुजबुजली, मग तापली. आल्सीदचं आणि ओझेमचं भांडण सगळ्यांना ठाऊक. कुणी म्हणालं, खोपटं जाळा याचं. एकानं रॉकेलचा डबा आणला. ओझेम दाराची चौकट धरून उभा.

ओदालीला वाटलं, बरं झालं, कुणाचं तरी नाव मिळालं. आता तरी आत काही हलेल. काही हललं नाही.

तिनं शेजारच्या क्लेलीला विचारलं, "भांडण कशावरून होतं गं त्यांचं?"

"वाहून येणाऱ्या लाकडांवरून, दुसरं काय? जे येतं ते त्या मेल्याच्याच पायरीला लागतं, म्हणून..." क्लेली बोलता बोलता थांबली.

ओदालीनं खुंटीवरची आल्सीदची टोपी आणून पाण्यात सोडली. पात्रात पूर्वी कधीतरी बुडालेल्या एका पडावाच्या, मोठ्या मालवाहू होडीच्या, सांगाड्यापाशी टोपी वळली, काठाकाठानं मागं आली, पावाशेजारी टेकली.

"मयताची टोपी ती, साक्ष देणारच," ब्रदर म्हणाला.

तिनं त्याच्याच डोक्यावरची हॅट काढली आणि सोडली. हॅट त्याच वाटेनं गेली, त्याच पायरीला लागली.

"तुम्हालाही ओझेमकाकांनीच बुडवलं का, ब्रदर?" आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं.

मागं कुणीतरी फिसकन हसलं. क्लेलीला आठवलं, परवा हा बुवा इथंच बसून पाण्यात काटक्या टाकत होता; तेव्हा तिला वाटलं होतं, जप चाललाय. रॉकेलचा डबा खाली ठेवला गेला. ओझेमनं हॅट काठीनं ओढली, पिळली आणि ब्रदरच्या हाती दिली.

ओदालीनं ओली टोपी परत खुंटीला लावली. खाली पाणी ठिबकत राहिलं, ती बघत बसली.

वस्तीला वैरी हवा होता, तिलाही. पण पडावाला अडलेलं पाणी मागं फिरतं, आणि त्यावर जे असेल ते मागं येतं. लाकूड येतं, पाव येतो, हॅट येते. ज्या पाण्यानं लाकडं आणून या वस्तीच्या चुली पेटवल्या, तेच पाणी त्या दिवशी कुणाला ओळखू आलं नाही. उद्या तुमच्या काठी कुणी पाव घेऊन आला, तर कुणाच्या घराला काडी लावण्याआधी त्याचीच हॅट पाण्यात सोडून बघा.