बाहेरचा पंच

इन्स्पेक्टरने हात खाली केला आणि रोलर सेंटच्या बाटल्यांवरून करकरत पुढे गेला. कस्टमच्या गोदामामागच्या आवारात काचांचा चुरा झाला, पिवळसर पाणी गटाराकडे वाहू लागलं. साहेबांनी नाकाला रुमाल लावला. इन्स्पेक्टरने लावला नाही. गेल्या वर्षीच्या तापात त्याची वास घेण्याची शक्ती जी गेली ती परत आलीच नव्हती. कचेरीत त्यावरून त्याची भरपूर थट्टा व्हायची.

देश नवा होता. आपलं आपण बनवायचं ठरलं होतं, म्हणून बाहेरच्या घड्याळांवर, कापडावर, सेंटवर बंदी होती. आणि ज्या घरांत बंदीची भाषणं लिहिली जात त्याच घरांत हा माल आधी पोचायचा. इन्स्पेक्टरला या सगळ्याची किळस होती. पकडलेला माल फोडताना तेवढं त्याला बरं वाटे. वर्षभर हे काम साहेब त्यालाच देत होते. आपल्या सचोटीचं चीज झालं, असं तो धरून चालला होता.

ती सचोटी घराला महाग पडली होती. जहाजावर खलाशी असलेल्या मेव्हण्याने बहिणीसाठी एकच बाटली आणली होती. इन्स्पेक्टरने ती त्याच्या पिशवीतून काढून जप्त केली, स्वतःच्या हाताने फोडली. मेव्हण्याची नोकरी गेली. तेव्हापासून तो या घराची पायरी चढला नव्हता. बायको त्यावर कधी भांडली नाही, फक्त नवऱ्याशी कामापुरतंच बोलू लागली.

संध्याकाळी त्याने सदरा काढून तिच्या हातात दिला.

"हा वेगळा भिजव. आज सेंट फोडलं."

तिने सदरा नाकाशी नेला.

"वेगळा कशाला? नुसता घामाचा वास येतोय."

"नीट बघ. अंगावर उडालंय."

"रंगाचं पाणी उडालंय. मागच्या खेपेलाही तेच होतं, त्याच्या मागच्याही."

"मग बोलली का नाहीस?"

"माझ्या भावाची बाटली फोडून आलात, तेव्हा तुमचा सदरा आठ दिवस दरवळत होता. धुऊन धुऊन माझे हात दुखले." ती सदऱ्याकडेच बघत होती. "मला वाटलं, खरा माल कोण विकतं ते तुम्हाला ठाऊक असेल. तुम्हीही त्यांच्यातलेच झालात."

साहेबांचा रुमाल त्याच्या डोळ्यांसमोर आला. ज्या आवारात कसला वासच नव्हता, तिथे तो रुमाल नाकावर कशाला होता? हसू दाबायला. त्याला साहेबांची शिसारी आली, आणि वर्षभर रोलरपुढे छाती काढून उभ्या राहिलेल्या स्वतःची त्याहून जास्त आली.

मग तो म्हणाला, "उद्या उरलेल्या पेट्या फोडायच्या आहेत. साक्षीला पंच लागतात, ते साहेबच आणतात. पण एक बाहेरचा पंच मीही उभा करू शकतो."

बायकोने मान वर केली.

"तुझ्या भावाला निरोप दे. माझ्यासाठी ये, असं नको सांगू. बाटली फुटल्यावर वास येतो की नाही, एवढं सगळ्यांसमोर मोठ्याने बोलायला ये म्हणावं."

तिने सदरा इतर कपड्यांतच टाकला आणि ओले हात पदराला पुसत, चपला न घालताच भावाच्या घराकडे निघाली.