सह्यांच्या बुधवारचा फॅक्स

मी एक जुना फॅक्स आहे, आणि मित्रांनो, सुरुवातीलाच कबूल करतो, मला फुशारकी मारायची सवय आहे. अलाबामातल्या पिकेट्स मिल गावात वीस वर्षे शेकडो माणसे माझ्या एका आवाजाकडे कान लावून उभी असायची. माझ्या जागी तुम्ही असता, तर तुम्हीही शेफारला असता.

कारखान्यातले दिवस मला फारसे आठवत नाहीत. १९८९ साली मिस वर्ना स्टबलफील्ड यांनी माझे खोके उघडले, तिथपासूनचे सगळे मात्र लख्ख आठवते. त्या इथल्या कॉलेजच्या फुटबॉल कार्यालयात सेक्रेटरी होत्या; हा अमेरिकेतला, चेंडू हातात घेऊन पळायचा आणि फेकायचा फुटबॉल. त्यांनी मला खिडकीजवळच्या लोखंडी कपाटावर बसवले, टेलिफोनची तार जोडली, पोटात गुळगुळीत कागदाची गुंडाळी घातली आणि बजावले, "हे बघ, इथे आळशीपणा चालायचा नाही."

माझे काम सोपे होते. दूर कुठेतरी कोणी आपल्या यंत्रात कागद घातला, की तारेवरून त्याची हुबेहूब नक्कल माझ्यातून बाहेर पडायची. वर्षभर मी बसच्या वेळा, हॉटेलच्या खोल्या आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या यांची ये-जा सांभाळत असे. पण फेब्रुवारीचा पहिला बुधवार आला, की माझा रुबाब वेगळा असायचा. त्या दिवशी शाळेच्या शेवटच्या वर्षातले खेळाडू कोणत्या कॉलेजकडून खेळायचे, ते पक्के करणाऱ्या कागदावर सही करत. त्याआधी महिनोन्महिने ही पोरे नुसता 'शब्द' देत. शब्द तोंडी असतो, तो फिरवता येतो. सही फिरवता येत नाही. आणि आमच्या कॉलेजसाठी केलेली प्रत्येक सही माझ्यातून यायची.

आमच्या संघाचे चिन्ह लाल बगळा, म्हणून संघाचे चाहतेही स्वतःला बगळेच म्हणवून घेत. सह्यांच्या बुधवारी हे बगळे पहाटेपासून आमच्या खिडकीखालच्या गाडीतळावर जमत. घड्या घालायच्या खुर्च्या, थर्मासमध्ये कॉफी, सॉसेज घातलेली, पावासारखी मऊ गरम बिस्किटे असा सगळा थाट असे. पत्र आले, की मिस वर्ना दोरी ओढून खिडकीचा पडदा वर करत, खाली गलका होई, आणि पडदा पुन्हा खाली येई. किती वेळा पडदा वर गेला ते बगळे बोटांवर मोजत. त्या दिवशी माझ्या बटणांना हात लावायला सक्त मनाई होती. माझी तार सतत मोकळी हवी, म्हणून मी फक्त घ्यायचे, काही पाठवायचे नाही.

एकदा मात्र फजिती झाली. १९९६ साली गावातल्या एका खाणावळीने चुकून आमच्या नंबरवर बुधवारच्या तळलेल्या मासळीचा बेत पाठवला. घाईत मिस वर्नांनी पडदा वर केला. खाली लोकांनी टोप्या उडवल्या, दोघे तर गळ्यात पडून रडले. तेव्हापासून शब्द देऊन न आलेल्या खेळाडूला पिकेट्स मिलमध्ये 'मासा' म्हणतात. आणि तेव्हापासून मिस वर्ना प्रत्येक पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय दोरीला हात लावत नसत. त्यांचा तो नियम पुढे एकदाच मोडला, आणि तीच गोष्ट मला सांगायची आहे.

त्याआधी तुम्हाला डेमॉन टिब्सची ओळख करून देतो. त्याचे पत्र मीच आणले होते. सही मोठी, वळणदार, ओळीच्या बाहेर गेलेली. पडदा वर गेला तेव्हा त्याच्या नावाचा जयजयकार झाला. दुसऱ्या हंगामात त्याचा गुडघा मोडला. कॉलेजकडे शिष्यवृत्त्या मोजक्या आणि त्या दरवर्षी नव्याने मिळायच्या. संघ हरत होता, लोक चिडले होते. "लंगड्याला कशाला पोसता? जागा मोकळी करा!" असे ओरडू लागले. त्या उन्हाळ्यात तेव्हाचे कोच पर्विस यांनी जागा मोकळी केली. डेमॉन घरी गेला. हंगाम संपताच पर्विसही घरी गेले.

मग आले कोच लायल हार्डविक. उंच, शांत, भुवया पिकलेला माणूस. जानेवारीत टायरवाले हॉयट ग्रिम्सली हातात यादी घेऊन कार्यालयात हजर झाले. हॉयट म्हणजे सगळ्या बगळ्यांचे पुढारी. एकतीस वर्षे त्यांनी एकही घरचा सामना चुकवला नव्हता.

"कोच, ही पंचवीस नावं. मी काही सांगत नाहीये हं, नुसतं सुचवतोय."

"आभारी आहे. हे शेवटचं नाव काय लिहिलंय?"

"टेक्सासचा किकर आहे, नुसता चेंडूला लाथ मारणारा. ते राहू द्या. पहिलं नाव बघा. कीशॉन मॅककॅन्ट्स. पाचपैकी पाच तारे मिळालेत त्याला! अहो, आपल्यापासून तीस मैलांवर राहतो. असा चेंडू फेकणारा पोरगा ह्या भागात पन्नास वर्षांत झाला नाही. त्याने पर्विसना शब्द दिला होता."

"मलाही दिलाय."

"मग झालं! तो आला की दोन वर्षांत चषक."

"आणि नाही आला तर?"

हॉयटनी टोपी सारखी केली. "तर कोच, तुम्ही नव्या घरातलं सामान सगळं उघडू नका."

"उशीर झाला, मिस्टर ग्रिम्सली. बायकोने पडदेसुद्धा लावलेत."

मिस वर्ना खुदकन हसल्या. पण हॉयट गेल्यावर कोच बराच वेळ त्या पहिल्या नावाकडे बघत राहिले. गाव त्यांना हंगामावरून नाही, एका पत्रावरून तोलणार होते, हे त्यांना पुरते कळले होते.

बुधवार उजाडला. नऊपर्यंत एकोणीस पत्रे आली. मी एकही ओळ पुसट उमटवली नाही. सहायक प्रशिक्षक केंट मला 'डबा' म्हणायचा आणि संगणकाचे गुण गायचा, तोही माझ्याजवळून हलेना. नऊ वाजून वीस मिनिटांनी मी पुन्हा वाजलो. कागदाच्या वरच्याच ओळीत नाव उमटले: कीशॉन मॅककॅन्ट्स.

"आला गं बाई!" म्हणत मिस वर्नांनी दोरी ओढली. खाली नुसता कल्लोळ! गाड्यांचे भोंगे, शिट्ट्या, सांडलेली कॉफी. कागद अजून माझ्यातून पुरता बाहेरही आला नव्हता. मला मात्र काय येते आहे ते कळले होते आणि मी ओरडून सांगू शकत नव्हतो. अशा पत्रावर दोन सह्या लागतात, एक मुलाची आणि एक आईची किंवा बापाची. दुसरी ओळ कोरी होती.

मिस वर्नांनी कागद वाचला आणि त्या मटकन खुर्चीत बसल्या. "कोच, मी परत मासा केला."

कोचनी कीशॉनच्या शाळेत फोन लावला. पोरगा रडकुंडीला आला होता. "आई पहाटेच कामाला गेली. म्हणाली, तिला तुम्हाला काहीतरी विचारायचंय. मला वाटलं, सही मागाहून घेऊ. कोच, त्या दुसऱ्या बड्या कॉलेजचेही सारखे फोन येतायत."

"तू तुझ्या सहीचा कागद घेऊन आईकडे जा, आणि फोन घेऊ नकोस," कोच म्हणाले आणि त्यांनी थेट कोंबड्यांच्या कारखान्यात फोन लावला. रोझेटा मॅककॅन्ट्स तिथे कामाला होत्या. त्यांची पंधरा मिनिटांची सुट्टी नुकतीच सुरू झाली होती. त्यांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"वर्षभरात तुमच्या कॉलेजची सहा माणसं माझ्या घरी येऊन माझ्या हातचं खाऊन गेली, कोच. सगळी कीशॉनशी बोलली. मला एवढंच म्हणाली, मॅडम, हे गोड पीच कॉबलर फार छान झालंय."

"मीही तेच म्हणालो होतो. चुकलं माझं. विचारा, काय विचारायचंय?"

"डेमॉन टिब्स कुठे आहे, माहीत आहे तुम्हाला?"

"नाही, मॅडम."

"माझ्या शेजारी उभा आहे. आठ महिने झाले, माझ्या शेजारी उभा राहून कोंबड्या कापतोय. त्याच्यासाठीही तुमच्या त्या लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या ना? उद्या माझ्या लेकाचा गुडघा गेला, तर तोही इथेच येणार. मग कॉलेजला कशाला पाठवू? इथे मीच चिकटवून देते त्याला."

मित्रांनो, मी यंत्र आहे, पण त्या वेळी मला माझीच लाज वाटली. डेमॉनची ती वळणदार सही मीच तर हौसेने छापली होती.

"तुम्हाला काय हवंय, मॅडम?" कोचनी विचारले.

"लेखी. कीशॉनचं शिक्षण पुरं होईल, तो खेळो नाहीतर खाटेवर पडो. आणि आधी डेमॉनचं. त्याचं नाव वर लिहा. माझ्या सुट्टीची अकरा मिनिटं राहिलीत."

कोचनी खिडकी उघडली. खालचा गोंगाट हळूहळू थांबला.

"पत्रावर आईची सही नाही," ते म्हणाले.

"मासा!" मागून कोणीतरी ओरडले. "मासा निघाला!"

"ऐकून घ्या. त्यांना डेमॉन टिब्सला परत घेतलेलं हवंय. मी घेणार आहे. तो खेळू शकणार नाही, नुसता शिकेल. त्याच्यासाठी शिष्यवृत्तीची एक जागा जाईल. मिस्टर ग्रिम्सली, तुमच्या यादीतला टेक्सासचा किकर मिळणार नाही. कोणाला काही म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा, मला घाई आहे."

सगळ्यांच्या नजरा हॉयटकडे वळल्या. हॉयट खुर्चीवरून उठले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"'लंगडा' असं मीच म्हणालो होतो," ते म्हणाले. "रेडिओवर फोन करून. माझं नाव सांगून." मग त्यांनी मान वर केली. "लिहून द्या, कोच. उभे काय राहिलात? त्या किकरचं नाव मला स्वतःलाही वाचता येत नव्हतं!"

कोचनी कोरा कागद ओढला आणि शाईच्या पेनने लिहिले: 'डेमॉन टिब्स आणि कीशॉन मॅककॅन्ट्स यांचे शिक्षण हे कॉलेज पुरे करील. ते खेळले तरी, न खेळले तरी. मी इथे आहे तोवर हे मी पाळीन आणि मी गेल्यावर पाळले जावे म्हणून अध्यक्षांचीही सही घेईन.' खाली सही. कागद घेऊन मिस वर्ना माझ्याकडे आल्या आणि कारखान्याचा फॅक्स नंबर दाबू लागल्या.

"लाइन अडकेल!" केंट कळवळला. "अजून चार पत्रं यायचीत!"

"वीस वर्षं मी ही तार अडू दिली नाही," मिस वर्ना म्हणाल्या. "आज अडू दे."

वीस वर्षे सह्यांच्या बुधवारी मी पोरांचे शब्द घेत आलो होतो. कॉलेजचा शब्द पाठवायची ती पहिलीच वेळ. माझे रूळ झिजले होते, कागद मध्येच अडकवून फाडायची मला म्हातारपणी खोड लागली होती. त्या दिवशी मी तो कागद तळहातावरून न्यावा तसा नेला. अडकलो नाही. अडकणारही नव्हतो.

नंतरची मिनिटे फार लांबली. दोन दुसरी पत्रे आली, पडदा दोनदा वर गेला, पण टाळ्या जेमतेम वाजल्या. खाली सगळे बगळे उभेच होते. अखेर मी वाजलो. कारखान्याच्या कारकुनाच्या टेबलावरून पत्र निघाले होते. मिस वर्नांनी दोरीला हात लावला नाही. त्यांनी पूर्ण कागद बाहेर येऊ दिला, चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचले, "कीशॉन मॅककॅन्ट्स. आणि खाली, रोझेटा मॅककॅन्ट्स." मगच पडदा वर गेला. असा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

पडदा खाली आला. आणि लगेच पुन्हा वर गेला.

"हे कोणाचं, मिस वर्ना?" खालून हॉयटनी विचारले.

"डेमॉनचं!"

हॉयटनी टोपी काढून छातीशी धरली. मग त्यांनीच पहिली टाळी वाजवली, आणि ती टाळी बराच वेळ थांबली नाही.

चषकाचे विचाराल, तर तो दुसऱ्या वर्षी आला नाही. तिसऱ्या वर्षी आला, तेव्हा हॉयट शपथेवर सांगू लागले की दोन वर्षे असे ते कधी म्हणालेच नव्हते. तोवर सह्या संगणकावर येऊ लागल्या होत्या. केंटने मला कोठीघरात फुटक्या हेल्मेटांखाली ठेवले आणि पाच वर्षे कोणी माझी धूळसुद्धा पुसली नाही. मी उगीच रडगाणे गात नाही, पण ते दिवस वाईट होते. मला तिथून बाहेर काढले डेमॉननेच. तो आता ह्याच कॉलेजात खेळाडूंच्या अभ्यासाकडे बघतो. मी त्याच्या टेबलावर असतो. माझी तार कुठेच जोडलेली नाही, आणि तो माझ्या डोक्यावर जेवणाचा डबा ठेवतो, तेवढे मी चालवून घेतो.

अभ्यासाला येणारी पोरे मला नुसता हात लावून बघतात; तुम्हाला मात्र माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. माझा गुळगुळीत कागद फार टिकत नाही. काही वर्षांत अक्षरे उडतात. कीशॉनचे पत्र आज पांढरेफटक आहे. रोझेटाबाईंनी कोचची ती चिठ्ठी बायबलमध्ये जपून ठेवली, तीही कोरी झाली. पण मित्रांनो, फॅक्स कधी कागद पाठवत नाही, नुसती नक्कल पाठवतो. मूळ कागद पाठवणाऱ्याकडेच राहतो. शाईने लिहिलेला, कोचची आणि अध्यक्षांची अशा दोन सह्यांचा तो कागद कोच हार्डविक यांच्या टेबलासमोर भिंतीवर अजून आहे, आणि त्यातले प्रत्येक अक्षर वाचता येते.

तुम्हीही कधी कोणाला शब्द द्याल. तो दिला म्हणजे आपल्या हातून गेला, असे समजू नका. समोरच्याकडची नक्कल पुसली जाईल, कदाचित तो विसरेलही. मूळ कागद तुमच्याकडे आहे. तो जपा.